उंच बैठक

लखनौची बदली अंगवळणी पडली आणि जुनी गाडी थकली. जुलै २०२४ मध्ये उत्तर प्रदेश सरकारने स्ट्राँग हायब्रिड गाड्यांचा नोंदणीकर माफ केला, तेव्हा आम्ही उभयतां नवी गाडी पाहू लागलो. मला होंडा सिटीची ठेंगणी ऐट भावली. पत्नीला टोयोटा हायरायडरची उंच बैठक. मी हिशेब मांडला. “आईंना त्या सिटीत वाकून बसवेल का हो?” एवढेच तिने विचारले.

मी वही मिटली. नाहीतरी स्वगृही परतल्यावर बारा महिन्यांनी नोंदणी बदलणे कायद्याने आलेच, आणि त्याबरोबर महाराष्ट्राचा करही. बदलीवाल्याची बचत ही अशी उसनी! आईचे गुडघे मात्र गावोगावी तेच. आम्ही उंच गाडी घेतली.