काळा खडू आणि जाड कागद

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जन आटोपून गावे निद्राधीन झाली असता, भूकंपाने किल्लारी परिसरातील दगडमातीच्या रुंद भिंती आणि माळवदांची जड छपरे माणसांवर कोसळली. त्यानंतर पत्र्याच्या तात्पुरत्या निवाऱ्यांतील मुलांना चित्रकला शिकविण्याचे काम माझ्याकडे आले.

त्या मुलांत एक असा होता, की काळा मेणखडू तो इतक्या जोराने घाशी की कागद फाटून जाई. त्याच्या हातातला खडू काढून घेऊन हिरवा-पिवळा द्यावा, असा मोह भेटीस येणाऱ्या सज्जनांना होई. पण कमी पडत होता तो कागदाचा दम, हे ध्यानी घेऊन मी त्याच्यापुढे जाड पुठ्ठा ठेवला. पुठ्ठ्याने तो सारा भार सोसला, आणि काही दिवसांनी त्याच काळ्या थरात खिळ्याने ओरखडून तो दार कोरू लागला. जी भिंत त्याला न विचारता पडली, ती येथे किती उंच असावी, तिला दार कोणत्या अंगास असावे, हे आता तो ठरवीत होता. कलेचे सामर्थ्य मला एवढ्यातच दिसते, आणि ते थोडे नाही.

मात्र रात्री वाऱ्याने पत्रा वाजला, की तोच मुलगा अंथरूण टाकून उघड्यावर धाव घेई. तेथे माझा खडू निरुपयोगी होता. त्याला वैद्यकीय उपचार हवे होते, आजीचा सहवास हवा होता, निर्धास्त निजता येईल असे घर हवे होते. पडक्या घराचा करावा तसा चित्राचा पंचनामा करून ‘काळा म्हणजे दुःख’ असा निकाल देणाऱ्यांची मला म्हणूनच भीती वाटते.

कलेचे हे सामर्थ्य आणि ही मर्यादा मला आणखी एका ठिकाणी दिसते. प्रागच्या उत्तरेस असलेल्या टेरेझीनच्या नाझी बंदिवासात १९४२ च्या अखेरीस रवानगी झालेल्या फ्रीडल डिकर-ब्रँडाइस या चित्रकर्तीने तेथील मुलांना चित्रे शिकविली, आणि चित्रावर प्रत्येकाने आपले नाव घालावे असा आग्रह धरला. १९४४ च्या ऑक्टोबरात आउशवित्झ येथे तिची हत्या झाली; दोन पेट्यांत ठेवलेली सुमारे ४,५०० चित्रे वाचली, ती काढणारी बहुतेक मुले वाचली नाहीत.

आपद्ग्रस्तांकडे रंगपेट्या घेऊन निघालेल्या तरुण सहकाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे, की प्रथम छप्पर, धान्य आणि डॉक्टर यांची वास्तपुस्त करा, मग जाड कागद घेऊन जा, आणि मुलाने आपण होऊन दिल्यावाचून त्याचे चित्र कोणत्याही प्रदर्शनात लावू नका.