सुलतान बाजारातील मुक्काम आणि कलम ३५०अ

निजाम राजवटीतील जमिनीची कागदपत्रे पाहण्यासाठी यंदा हैदराबादला तारनाका येथील राज्य अभिलेखागारात पाच दिवस काम होते. हॉटेलऐवजी सुलतान बाजारालगत बडी चावडी भागात स्वयंपाकघर असलेली दोन खोल्यांची सदनिका भाड्याने घेतली; सौभाग्यवतीही सोबत होत्या. हॉटेलात माणूस पाहुणाच राहतो. अशा सदनिकेत दूध, भाजी, पाणी यांच्या निमित्ताने वस्तीशी बोलावे लागते आणि ती कोणत्या भाषेत जगते हे कळते.

हा भाग एकेकाळी ब्रिटिश रेसिडेन्सीच्या अखत्यारीत होता. १९३३ मध्ये तो निजामाकडे परत आला. सुलतान बाजार, गौळीगुडा, काचीगुडा या पट्ट्यात मराठी कुटुंबे स्थिरावली. वकील केशवराव कोरटकर, वामनराव नाईक यांच्या पुढाकाराने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात विवेकवर्धिनी शाळा उभी राहिली. १९३१ चे मराठी साहित्य संमेलन श्रीधर व्यंकटेश केतकर यांच्या अध्यक्षतेखाली याच शहरात भरले.

बाजारात कानी पडते ती दख्खनी. तिच्यातला ‘नक्को’ हा आपला ‘नको’ आणि ‘ऐसाइच’मधला ‘च’ही आपलाच. उलट फिर्याद, दाखला, जप्ती, वसुली हे शब्द फारसी-अरबीतून मराठीत येऊन इतके रुळले की त्यांच्याविना आमची वकिली एक दिवस चालणार नाही.

तिसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावरील आजींनी जिन्यातून सौभाग्यवतींना विचारले, ‘काय करायलात, वहिनी?’ हे ‘करायलात’ ऐकले आणि आपण भालकीतच आहोत असे वाटले. प्रमाण मराठीत ‘करत आहात’ म्हणतात. नांदेड, लातूर आणि बिदरकडे ‘करायलात’. १ नोव्हेंबर १९५६ रोजी एकट्या बिदर जिल्ह्याचे तीन वाटे झाले. उदगीर, अहमदपूर, निलंगा मुंबई राज्यात. भालकी, औराद, हुमनाबाद म्हैसुरात. जहिराबाद, नारायणखेड आंध्रात. क्रियापदाचे हे रूप मात्र कोणत्याच वाट्यात अडकले नाही.

आजींचा सात-आठ वर्षांचा नातू त्यांचे सगळे बोलणे समजत होता, पण उत्तर तेलुगू-इंग्रजीत देत होता. ‘घरात मीच बोलते, वाचायला कोण शिकवणार?’ असे त्या सहज म्हणाल्या.

फ्रान्समधील समुद्रकाठच्या नीस शहराच्या जुन्या भागात रस्त्यांच्या पाट्या फ्रेंचसोबत स्थानिक निसार बोलीतही आहेत. ते शहर १८६० मध्ये सार्डिनियाच्या राज्यातून फ्रान्सकडे गेले. सुट्टीला येणारे लोक कौतुकाने त्या पाट्यांची छायाचित्रे घेतात. पण शाळा, कचेरी आणि व्यवहार यांची भाषा फ्रेंचच. पाटीचे महत्त्व मी नाकारत नाही, आपण त्यासाठी लढलो आहोत. परंतु पाटी वाचणारे मूल नसेल तर ती केवळ शोभेची वस्तू ठरते.

ज्या सातव्या घटनादुरुस्तीने १९५६ साली राज्यांच्या नव्या रचनेला घटनेत स्थान दिले, तिनेच कलम ३५०अ घातले. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाची पुरेशी सोय व्हावी, यासाठी प्रत्येक राज्याने व स्थानिक प्राधिकरणाने प्रयत्न करावा, असे ते सांगते. ‘प्रयत्न’ हा शब्द सौम्य आहे आणि मुदत कोठेच नाही. म्हणूनच मागणारा नेटाचा हवा. १९४९ च्या प्रांतिक शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेने मापही ठरवून दिले होते : शाळेत अशी ४० मुले किंवा वर्गात १० मुले असली की मातृभाषेच्या शिक्षकाची सोय करावी.

सीमाप्रश्नाचा २००४ चा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. त्याचा निकाल आपल्या हाती नाही. दहा मुलांची नावे गोळा करणे आपल्या हाती आहे. बिदर असो, बेळगाव असो वा काचीगुडा, मराठी शिक्षणाची मागणी तोंडी करू नये. पालकांच्या सह्यांनिशी, मुलांची नावे व इयत्ता लिहून अर्ज द्यावा, पोच घ्यावी आणि तिची प्रत भाषिक अल्पसंख्याक आयुक्तांकडे पाठवावी. हैदराबाद सोडण्यापूर्वी अशा अर्जाचा नमुना मी आजींच्या मुलाकडे देऊन आलो. त्यावर पहिले नाव त्यांच्या नातवाचे आहे. अजून नऊ हवी आहेत.