प्रवेशानंतरची वाट

स्मरणिकेसाठी आठवणी लिहाव्यात, असा शाळेचा निरोप आला आणि सर्वांत आधी पहाटेची घंटा आठवली. घंटा झाली की अंथरूण गुंडाळून आम्ही बुद्धवंदनेला बसत असू. मग अभ्यास, नाश्ता, वर्ग. रात्री दिवे मालवण्यापूर्वी गुरुजी प्रत्येक खोलीत डोकावून जात. दोन वेळचे जेवण, झोपायला जागा, वाचायला दिवा आणि आपली चौकशी करणारे कुणीतरी, या चार गोष्टी आम्ही गृहीतच धरल्या होत्या. त्यांचे मोल शाळेच्या फाटकाबाहेर पडल्यावर कळले.

बारावीनंतर मी आणि माझा एक वर्गमित्र एकाच महाविद्यालयात दाखल झालो. दोघांचेही आईवडील दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचणारे. त्याला गुण माझ्यापेक्षा अधिक होते. गणित तर तोच मला शिकवीत असे. परंतु उत्पन्नाचा दाखला वेळेत हाती न आल्यामुळे त्याचा वसतिगृहाचा अर्ज अपूर्ण ठरला. यादी लागली, तीत माझे नाव शेवटून दुसरे होते, त्याचे नव्हतेच. तो एका नातलगाच्या ओसरीवर राहू लागला. शिष्यवृत्ती मंजूर होती, पण मिळाली नव्हती. दिवाळीच्या सुमारास त्याला सांगण्यात आले की, उरलेले शुल्क भरल्याशिवाय परीक्षेचा अर्ज घेतला जाणार नाही. कापूस वेचून पैसे आणतो म्हणून तो गावी गेला, तो परत आला नाही. शिष्यवृत्तीची रक्कम आली ती त्यानंतर.

पुढे मी प्राध्यापक झालो. माझ्या जिद्दीचे कौतुक होते तेव्हा मला ती यादी आठवते. आम्हा दोघांत अंतर पडले ते बुद्धीमुळे नव्हे, एका दाखल्यामुळे. आणि एक कबुली येथे द्यावीशी वाटते. नोकरीची पहिली अनेक वर्षे मीदेखील हजेरीपटावर गैरहजेरीच्या खुणा करीत गेलो. दिवाळीनंतर न परतलेल्या मुलांची नावे कमी होत गेली आणि ती का आली नाहीत, हे मी विचारले नाही. आपल्या गुरुजींनी रोज रात्री जे केले, ते मी दिवसाढवळ्याही केले नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे शैक्षणिक कार्य मी पुन्हा वाचू लागलो तेव्हा एक गोष्ट नव्याने लक्षात आली. त्यांनी 8 जुलै 1945 रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटीची स्थापना केली आणि 20 जून 1946 रोजी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. तेथे सकाळचे वर्ग ठेवण्यात आले, कारण दिवसा नोकरी करणाऱ्या तरुणांनाही शिकता यावे. गरीब विद्यार्थ्याने महाविद्यालयाच्या वेळेशी जुळवून घ्यावे असे न म्हणता महाविद्यालयानेच आपली वेळ बदलली. 1950 साली औरंगाबादेत सुरू झालेल्या आणि पुढे मिलिंद हे नाव मिळालेल्या महाविद्यालयाच्या परिसरात वसतिगृहेही उभी राहिली. मराठवाड्याच्या खेड्यांतून आलेल्या मुलाला आधी निवारा हवा, हे तेथे ओळखले गेले होते. स्वतः बाबासाहेब 1913 साली कोलंबिया विद्यापीठात जाऊ शकले ते बडोदे संस्थानाच्या शिष्यवृत्तीमुळे. वेळेवर मिळालेल्या पैशाचा अर्थ त्यांना पुरता ठाऊक होता. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1947 साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी महाविद्यालय काढले, तेही ‘कमवा आणि शिका’ या तत्त्वावर. श्रमाची लाज न बाळगता पदवीपर्यंत जाण्याची ती वाट होती.

आज योजना नाहीत असे नाही. भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी 2016-17 पासून स्वाधार योजना आहे. भोजन आणि निवासाची रक्कम विद्यार्थ्याच्या बँक खात्यात जमा होते. परंतु दाखले, जात पडताळणी, महाडीबीटीवरील अर्ज, आधारशी जोडलेले खाते, यांतील एक कडी निसटली की सारे अडते. घरात आधी कुणीच महाविद्यालय पाहिलेले नसेल, तर ती कडी कोण जोडणार?

ते काम महाविद्यालयाचे आहे. प्रवेशाच्याच दिवशी अर्ज भरून देणारा एक जाणता माणूस तेथे बसवावा. शिष्यवृत्ती मंजूर असेल, तर तिच्या विलंबापायी कुणाचा परीक्षा अर्ज अडवू नये. आठवडाभर मूल दिसले नाही, तर घरी फोन करावा. यांतील एकाही गोष्टीला मोठी इमारत लागत नाही. आता माझ्या वर्गापुरते मी हे करतो. सारीच मुले टिकतात असे म्हणणार नाही; पण न विचारता कुणाचे नाव कमी होत नाही.

गेल्या जूनमध्ये त्या मित्राचा फोन आला. तो आता यवतमाळ–आर्णी रस्त्यावर काळीपिवळी चालवतो. मुलगी बारावी झाली होती. कोणती शाखा घ्यावी हे तो विचारील असे मला वाटले. तो म्हणाला, “अॅडमिशन तर भेटन गा. पण पोरगी राहीन कुठं, जेवन कुठं, ते सांग.”

तीस वर्षांपूर्वी त्याला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. या वेळी आम्ही तिघांनी बसून सारे दाखले आधी जमवले, मगच प्रवेशाचा अर्ज भरला. मुलगी आज वसतिगृहात राहून शिकते आहे.

माजी विद्यार्थी बंधुभगिनींना माझी विनंती एवढीच आहे. शाळेला देणगी अवश्य द्यावी. परंतु दरवर्षी येथून बाहेर पडणाऱ्या एका तरी मुलाची किंवा मुलीची जबाबदारी जूनपासून दिवाळीपर्यंत घ्यावी. आपण ज्या गावी असाल तेथे त्याला खोली शोधून द्यावी, त्याचा अर्ज तपासावा आणि रात्री एकदा, गुरुजींसारखे, डोकावून जावे.

जयभीम.