पांढऱ्याचे काळे

‘माझे केस काही उन्हाने पांढरे झालेले नाहीत’ हे वाक्य लहानपणी ऐकलेलं नाही असा मराठी माणूस मिळणं कठीण. मी तर ते शेकड्याने ऐकलं आहे. माझे स्वतःचे केस मात्र कशाने पांढरे झाले हे मला तारखेनिशी सांगता येतं. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे-हजारच्या नोटा रद्द झाल्या, ९ तारखेला बँका बंद राहिल्या आणि १० तारखेला सकाळी आमच्या शाखेचं शटर वर गेलं. त्या शटरखालून वाकून आत शिरलेली गर्दी पाहिली आणि माझ्या डोक्यावरच्या दहा-बारा केसांनी जागच्या जागी पांढरं निशाण फडकवलं. बाकीचे केस मग हळूहळू त्यांना सामील झाले.

सौ.ला हे मान्य नाही. “तुमच्या घराण्यातच आहे ते. बाबांचे नव्हते का चाळिशीत पिकले?” असं तिचं म्हणणं. डॉक्टर मंडळीही या बाबतीत तिच्या बाजूची आहेत. केस कधी पिकायचे हे मुख्यतः आईबापांकडून ठरून येतं म्हणे. म्हणजे सरकारवर ढकलण्याचीही सोय राहिली नाही.

तरीसुद्धा मी कलपाच्या वाटेला गेलो नसतो. पण मध्ये एक नोव्हेंबर आला. नोव्हेंबर महिना आमच्याकडे हयातीच्या दाखल्यांचा. आता मोबाईलवर चेहरा दाखवून घरबसल्या जिवंत असल्याचं सिद्ध करता येतं. पण आमच्या भागातल्या पेन्शनरांना ते स्वतः येऊन, रांगेत उभं राहून आणि रांगेत भांडून सिद्ध करायला आवडतं. भांडणाचा आवाज ऐकला की आम्हालाही वेगळा पुरावा लागत नाही. तर त्या रांगेतले एक आजोबा माझ्यासमोर आले. वय अठ्ठ्याहत्तर आणि डोकं बुटाला पॉलिश मारावं तसं काळंभोर. सही करता करता त्यांनी माझ्या डोक्याकडे पाहिलं आणि आपुलकीने विचारलं,

“तुमचे किती राहिले?”

“कसले?”

“रिटायरमेंटला हो!”

“चौदा वर्षं,” मी म्हटलं.

आजोबांनी कानातलं यंत्र चाचपलं. “चौदा महिने? जातील, जातील. हां हां म्हणता जातील. मग या या रांगेत, मी जागा धरून ठेवतो.”

त्या दिवशी संध्याकाळी घरी आल्यावर मी आरशासमोर जरा जास्तच वेळ उभा राहिलो.

पहिला प्रयोग अर्थातच मेंदीचा. “रसायनं नकोत, आपलं नैसर्गिक बरं,” हे सौ.चं धोरण. तिने लोखंडी कढईत चहाच्या पाण्यात मेंदी भिजवली, आवळ्याची पूड घातली, रात्रभर झाकून ठेवली. दुसऱ्या शनिवारी बँकेला सुट्टी. दोन तास मी डोक्यावर तो गारेगार लगदा घेऊन, गॅलरीत कुणाला दिसणार नाही अशा कोपऱ्यात बसलो. धुतल्यावर लक्षात आलं ते असं की मेंदी काळ्या केसावर छान दिसते, पण पांढऱ्या केसावर ती केशरी होते. सोमवारी आमच्या साहेबांनी मला पाहून “घरी काही कार्य आहे का?” एवढंच विचारलं. मेंदीवर काळा रंग आणायचा तर वरून निळीच्या झाडाच्या पानांची पूड लावावी लागते हे मला नंतर कळलं. कपड्यांची नीळ नव्हे. हा खुलासा अशासाठी की आमच्या घरात त्यावर चर्चा झालेली आहे. आणि ‘काळी मेंदी’ म्हणून जी पाकिटं मिळतात त्यांतल्या पुष्कळशांत मेंदी नावापुरती आणि काळेपणा कलपाच्याच रसायनाचा असतो. तेव्हा चोरून कलप लावण्यापेक्षा उघड लावलेला बरा, असं ठरवून मी पाकीट आणलं.

मी बँकेतला माणूस. पाकिटातला बारीक अक्षरातला कागद मी शेवटपर्यंत वाचतो. त्यावर लिहिलं होतं की रंग आधी कानामागे थेंबभर लावा आणि ४८ तास थांबा. कलपातल्या पॅराफेनिलीनडायअमीन नावाच्या रसायनाची काहींना ॲलर्जी असते. (हे नाव एका दमात म्हणता येईल त्याला मी विनातारण कर्ज द्यायला तयार आहे.) आमच्या एका सहकाऱ्याने हा कागद न वाचता टाकून दिला होता. दुसऱ्या दिवशी त्याच्या पापण्या आणि कपाळ असं काही सुजलं की शाखेच्या दारावर वॉचमनने त्याला ओळखपत्र विचारलं. तेव्हा मी नेमाने कानामागे थेंब लावला. तो आईने बरोबर हेरला.

“हे काय रे, तीट लावलीस?”

“कलपाची चाचणी आहे, आई.”

“असू दे, असू दे. या वयातही लागते कुणाकुणाची दृष्ट.”

चाचणीत मी पास झालो. पुढचं काम मी आमच्या कोपऱ्यावरच्या सलूनवाल्याकडे सोपवलं. हा गृहस्थ रंगाला ‘मटेरियल’ म्हणतो आणि गिऱ्हाइकाच्या डोक्याकडे कंत्राटदार भिंतीकडे पाहतो तसा पाहतो. “साहेब, दोन हात द्यावे लागतील,” असा त्याने अंदाज दिला.

हा रंग बसतो कसा हे मला मुळात गूढ होतं. वाचल्यावर त्यात आपल्या संसाराचीच कथा निघाली. केस म्हणजे नखासारखीच एक निर्जीव वस्तू, केराटिन नावाच्या प्रथिनाची. जिवंत काय ते कातडीच्या आत, मुळाशी. केसावर कौलं घातल्यासारखे बारीक खवले असतात. ती कौलं नीट बसलेली असली की उजेड सारखा परततो आणि आपण म्हणतो, केसाला काय चमक आहे! कलपातला अमोनिया ही कौलं उचकटतो. मग रंगाचे कण आत शिरतात. शिरताना ते अगदी किरकोळ, सडपातळ आणि बिनरंगी असतात. सोबतचं हायड्रोजन पेरॉक्साइड आत त्यांची लग्नं लावून देतं. जोडीला जोडी मिळून त्यांचं एकत्र कुटुंब होतं, ते रंगात येतं आणि एवढं फुगतं की आलेल्या दारातून पुन्हा बाहेर पडणं त्यांना जमत नाही. असला रंग विकायला काढला तो १९०७ साली पॅरिसमध्ये, युजीन श्युलर नावाच्या एका तरुण रसायनतज्ज्ञाने. पुढे त्याची केवढी मोठी कंपनी झाली ते जगाला ठाऊक आहे. आपल्याकडे पांढऱ्यावर काळं करून कुणी श्रीमंत झाल्याचं ऐकिवात नाही. लेखकांना विचारा.

लावणं सोपं आहे हो. टिकवणं कठीण. ठेव मिळवायला एक चहा पुरतो, ती मोडू नये म्हणून जन्मभर खातेदाराच्या नातवंडांची चौकशी करावी लागते, तसंच हे. सलूनवाल्याने पहिली ताकीद दिली, दोन दिवस डोक्यावरून पाणी नको. दुसरी, कढत पाणी कधीच नको. मी लहानपणापासून अंगाला चटका बसेल अशा पाण्याने आंघोळ करणारा. पण कढत पाण्याने केस फुगतो, रंग धुपतो. आता मी मानेपर्यंत कढत आणि मानेच्या वर कोमट अशा दोन बादल्यांनी आंघोळ करतो. शाम्पू सौम्य हवा आणि तोही आठवड्यातून दोनदाच, कारण फेसाबरोबर मोरीत जातो तो आपलाच पैसा. मग कंडिशनर लावायचा, म्हणजे उचकटलेली कौलं जरा अंग चोरून बसतात. त्यात आमच्या सोसायटीला पाणी बोअरचं. त्यातला चुना तोटीवर बसतो तसाच केसावर बसतो आणि तीनशे रुपयांची चमक तीन आंघोळींत मंद होते. यावर उपाय म्हणून शेवटचा तांब्या पिण्याच्या पाण्याचा घ्यायचा, असा मी ठराव मांडला. फिल्टरजवळ उभ्या असलेल्या सौ.ने तो फेटाळला.

आणि ऊन! केस उन्हाने पांढरे होत नाहीत म्हणतात ना? रंगवलेल्याचं तसं नाही. आपला मूळ काळा परवडला, हा बाजारचा काळा उन्हात विटतो, आधी तपकिरी आणि मग तांबूस होतो. वडीलधाऱ्यांच्या म्हणी कलपाच्या आधीच्या आहेत हे ध्यानात ठेवायला हवं. सूर्यापासून डोकं झाकायचं म्हणून मी स्कूटरवर हेल्मेट घालायला लागलो. वाहतूक पोलिसांना जे इतकी वर्षं जमलं नव्हतं ते एका पाकिटाने केलं.

इतकं सगळं सांभाळूनही एक गोष्ट कुणाच्याच हातात नाही. केस वाढतो. महिन्याला साधारण एक सेंटिमीटर, सुट्टी नाही, संप नाही. आणि मुळाशी येणारा प्रत्येक मिलिमीटर पांढराशुभ्र. वरचा रंग वर्षभर टिकला तरी भांग पाडला की मधोमध चुन्याची फक्की मारल्यासारखी रेघ. एखादी गोष्ट ‘मुळावर येणे’ म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. आमच्या धंद्यात एक प्रकार असतो. कर्जदाराला जुनं कर्ज फेडता येईना की त्याला नवं कर्ज द्यायचं, त्यातून जुनं फेडून घ्यायचं आणि खातं कसं सुदृढ आहे ते कागदावर दाखवायचं. त्याला ‘एव्हरग्रीनिंग’ म्हणतात आणि रिझर्व्ह बँकेला ते बिलकूल खपत नाही. मी बी.कॉम. झालेला, पंचवीस वर्षं खतावण्या पाहिलेला माणूस, दर तीन आठवड्यांनी स्वतःच्या डोक्यावर तेच करत होतो. थकलेलं कर्ज बुडीत धरायला निदान नव्वद दिवसांची मुदत मिळते. कलपाला एकवीस.

तरी चाललं होतं. काउंटरवर मला कुणी निवृत्तीची तारीख विचारत नव्हतं. एका बाईंनी तर “दादा” म्हटलं. ‘काका’वरून ‘दादा’ ही बढती बँकेने मला कधी दिली नसती.

रंगवलेले केस कोरडे पडतात, म्हणून धुण्याच्या आधी खोबरेल तेल लावावं असंही मी वाचलं होतं. ते केसात शिरतं आणि धुताना प्रथिन वाहून जायचं प्रमाण कमी होतं म्हणे. आईला मी हे शास्त्र समजावून सांगितलं. ती म्हणाली, “मग मी पन्नास वर्षं काय सांगत्ये?” आणि वाटी घेऊन बसली. रविवारी सकाळी ती खुर्चीत, मी खाली पाटावर, शेहेचाळीस वर्षांचा. तेल चोळता चोळता तिचे हात थांबले.

“आता मागून नाही रे दिसत तसा.”

“कसा?”

“सकाळी तू खिडकीशी पेपर घेऊन बसतोस ना पाठमोरा, तेव्हा आधी अगदी ह्यांच्यासारखा दिसायचास. स्वयंपाकघरातून येताना रोज एकदा फसायची मी.” हात पुन्हा चालू झाले. “आता नाही फसत.”

बाबांना जाऊन अकरा वर्षं झाली. त्यांनी जन्मात कलप लावला नाही. त्यांचं सगळं केशसंवर्धन म्हणजे हीच वाटी आणि हाच रविवार. मी काही बोललो नाही. डोळ्यांत तेल गेलं असं म्हणायची सोय होती, ती मी वापरली.

पुढचे तीन आठवडे मी सलूनकडे फिरकलो नाही. सहाव्या आठवड्यात सौ. म्हणाली, “एक काय ते ठरवा. हे असं अर्धवट तर मुळीच चांगलं दिसत नाही.” बरोबर होतं तिचं. पण नोव्हेंबर तोंडावर आला होता, आजोबा जागा धरून बसलेले असणार. आणि इकडे खिडकी होती. रात्री पडल्या पडल्या मी दोन्ही बाजू मांडून पाहिल्या, तेव्हा जमाखर्च सुटला. काउंटरवर गिऱ्हाइकाला मी दिसतो तो फक्त समोरून. बँकेत माझ्या पाठीमागे भिंत आहे.

दुसऱ्या दिवशी सलूनवाल्याने नेहमीसारखा टॉवेल अडकवला, वाटीत मटेरियल कालवलं, पुढून ब्रश चालवत कानापर्यंत आला. मी म्हटलं, “बास. मागचे राहू देत.”

“म्हणजे?”

“मागचे पांढरेच राहू देत.”

त्याने आरशातून माझ्याकडे नीट पाहिलं. मग मागच्या बाकावर थांबलेल्या दोघांना ऐकू जाणार नाही अशा बेताने वाकून हळूच म्हणाला, “साहेब, मटेरियल भरपूर आहे. पूर्ण करून टाकू. पैशांचं काय, पुढच्या पगाराला दिलेत तरी चालतील.”