मॉरिशसहून दादाला

पोर्ट लुई

प्रिय दादा,



इथल्या करांबद्दल तू विचारलं होतंस. तुझ्या डोक्यातला सरसकट पंधरा टक्क्यांचा आकडा आता जुना झाला. जुलै २०२३ पासून उत्पन्नाप्रमाणे टप्पे आहेत आणि वरचा टप्पा २० टक्क्यांचा. तरी वारसा कर नाही, शेअर विकून झालेल्या नफ्यावर कर नाही. तो पंधरा टक्क्यांचा दरही हौसेने आलेला नव्हता. कापडाचा जागतिक कोटा २००५ मध्ये संपला, आणि पुढच्या काही वर्षांत युरोपने यांच्या साखरेचा चढा भाव ३६ टक्क्यांनी उतरवला. ऊस आणि कपडे या दोन खांबांवर उभं असलेलं घर. मग कर कमी करून परका पैसा बोलवायचा, एवढंच हातात उरलं.

आज एबेनच्या सायबर नगरीत जाऊन आले. बघावं तिकडे काचेच्या इमारती. यातला पहिला सायबर टॉवर भारताने दिलेल्या कर्जातून उभा राहिला, हे तुला आवडेल. गंमत अशी की याच देशातून भारताचा कर निसटत राहिला. दोन्ही देशांमधल्या १९८२ च्या करकरारात एक साधं कलम होतं: शेअर विकून नफा झाला, तर विकणारा ज्या देशाचा रहिवासी, त्या देशाने कर घ्यायचा. इथे तर असा करच नाही! म्हणजे कंपनीची पाटी इथे लावली की कर तिकडेही नाही आणि इथेही नाही. २००० नंतर भारतात आलेल्या थेट परकीय गुंतवणुकीतला सुमारे पाव हिस्सा कागदोपत्री या बेटावरून आला. बारा-तेरा लाख वस्तीचं बेट! २००० सालीच आपल्या आयकर अधिकाऱ्यांनी मुंबईत काही परदेशी गुंतवणूकदारांना नोटिसा धाडल्या, तेव्हा शेअर बाजार कोसळला आणि दिल्लीने घाईघाईने परिपत्रक काढलं, की मॉरिशसचा रहिवासी दाखला असला म्हणजे झालं. २००३ मध्ये सुप्रीम कोर्टानेही त्यावर शिक्कामोर्तब केलं. दार बंद व्हायला करारात २०१६ ची दुरुस्ती यावी लागली. १ एप्रिल २०१७ पासून घेतलेल्या शेअरांवर भारत कर घेतो.

एका हिशेबनिसाच्या कचेरीत एक तरुण भेटला, घराणं रत्नागिरीकडचं, शाळेत मराठी शिकलेला. मी जरा खोचकपणे विचारलं, तर म्हणाला, "ताई, माझे आजोबा ऊस तोडत होते. मी एसीत बसतो. तुम्ही आमच्या पोटावर पाय का देता?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण ज्यांच्या पैशाचा हिशेब तो ठेवतो, त्यांना त्याने एकदाही पाहिलेलं नाही, हेही त्यानेच सांगितलं.

*

पोर्ट लुई, रविवार

दादा,

आज तुझ्या खात्यातला विषय, कर्ज आणि वसुली. आप्रवासी घाटावर गेले. १८३४ पासून पुढे साडेचार लाखांच्या आसपास गिरमिटिये, म्हणजे कराराने बांधलेले हिंदी मजूर, या बेटावर उतरले, त्यात मुंबई बंदरातून आलेली आपली कोकणातली माणसंही होती. पायऱ्या बघून सगळे गहिवरतात. माझं लक्ष मात्र मजुरीच्या नियमाकडे गेलं. एक दिवस कामावर आला नाहीस तर दोन दिवसांची मजुरी कापायची. 'डबल कट' म्हणत. अशा माणसाच्या डोक्यावर कर्ज झालं नाही तरच नवल. दुसरीकडे, १८३५ मध्ये गुलामी संपली तेव्हा ब्रिटिश सरकारने नुकसानभरपाई दिली ती गुलामांना नव्हे, मालकांना. वीस लाख पौंडांहून जास्त. त्यानंतर तीनच वर्षांत, १८३८ मध्ये, इथली आजची आघाडीची बँक सुरू झाली. पतपुरवठा कोणाच्या दारात आधी पोचला, ते यावरून तूच ताड.

पुढे मळेवाल्यांना साखरेच्या मंदीत पैशाची चणचण भासली आणि त्यांनी जमिनीचे तुकडे पाडून विकायला काढले. घेणारे बहुतेक हिंदी लोक, आणि पैसा उसन्याचा. दलाल उसावर उचल द्यायचा आणि ऊसही तोच घ्यायचा. भाव त्याचा, वजन त्याचं. आपल्याकडच्या सावकारी पाशाचं वर्णन मी तुला करायला नको. १९०९ मध्ये स्वेटनहॅम यांच्या अध्यक्षतेखाली राजआयोग आला. गांधीजींच्या सांगण्यावरून इथे आलेले वकील मणिलाल डॉक्टर यांनी त्यांच्यापुढे मजुरांची बाजू मांडली. आयोगाने सहकारी पतसंस्था काढायची शिफारस केली आणि १९१३ मध्ये कायदा झाला. म्हणजे आपल्याकडच्या १९०४ च्या कायद्याचा हा धाकटा भाऊ. उसाच्या पट्ट्यातल्या गावांत त्या सोसायट्यांनी जमिनी वाचवल्या.

आणि तरीही कर्जापायी घराचा लिलाव हे दुखणं इथे ताजं आहे. इंग्रजीतच 'सेल बाय लेव्ही' म्हणतात आणि शब्द उच्चारताना आवाज खाली येतो. जामीन राहिलेल्या भावाचंही घर गेलं, अशा कहाण्या मला टॅक्सीवाल्यानेच ऐकवल्या. २००७ मध्ये कर्जदार संरक्षणाचा खास कायदा करावा लागला, आयुक्त नेमावा लागला. तू वसुलीला जाताना आधी चहा प्यायचास आणि मग विषय काढायचास. ती रीत कुठल्या कायद्यात बसेल कोण जाणे.

*

रोझ हिल

दादा,

मेट्रोने इथे आले. मेट्रो आपल्या लार्सन अँड टुब्रोने बांधली. वहिनीला सांग, मुंबईच्या लोकलची आठवण अजिबात होत नाही, सगळ्यांना बसायला मिळतं.

याच गावात १६ फेब्रुवारी १९९९ रोजी एक जलसा झाला होता. गांजा बाळगणं, ओढणं हा गुन्हा राहू नये, या मागणीसाठी. गायला आला होता काया, खरं नाव जोसेफ रेजिनाल्ड टोपीझ. इथला सेगा आणि रेगे मिसळून 'सेगे' नावाचं संगीत घडवणारा क्रिओल, म्हणजे गुलामांच्या वंशातला, गायक. त्याने मंचावर गांजा ओढला. दोन दिवसांनी अटक झाली, आणि २१ तारखेला तो पोलीस कोठडीत मेलेला सापडला. डोक्याला जखमा होत्या. कसा मेला यावर लोक अजून भांडतात. रोश ब्वा या वस्तीतून दंगल पेटली, काही दिवस बेट जळत होतं, दुसरा एक गायक, बर्जर आगाथ, पोलिसांच्या छऱ्यांनी गेला. हिंदू आणि क्रिओल यांच्यात जे पेटलं, त्याबद्दल आजही मोकळेपणाने कोणी बोलत नाही.

मी गांजाची वकिली करत नाही, तुला माहीत आहे. पण १८९३–९४ च्या हिंदुस्थानातल्या गांजा आयोगाने बंदीऐवजी परवाने आणि कर, हाच मार्ग सुचवला होता, आणि आपल्या नगरकडे गांजाची शेती परवान्याने होत होती. इथे मात्र कायद्याचा हात जड राहिला. थोडक्या 'गांद्या'सह, म्हणजे गांजासह, सापडलेल्या पोरावर गुन्हा शाबीत झाला की नोकरीसाठी लागणारा वर्तणुकीचा दाखला अडतो. नोकरी नाही तर कर्ज नाही. आणि रहिवासी दाखला दाखवून कोट्यवधी रुपये कराशिवाय जात होते, तेव्हा त्या कागदाच्या मागे कोण आहे हे कोणी विचारलं नाही. दोन दाखले, दोन न्याय. मला या बेटाचा राग येतो तो एवढ्यासाठीच. अर्थात आपल्या परिपत्रकानेही तेच केलं होतं.

गांजा महाग आणि धोक्याचा झाला म्हणून पोरं रासायनिक नशेकडे वळली, असं इथले पुष्कळ लोक म्हणतात. ते 'सँतेतिक' ओढलेली दोन पोरं मी बसस्टँडजवळ भिंतीला टेकून उभ्या उभ्या झोपलेली पाहिली. गांजा त्यापुढे परवडला, हे माझं मत. २०२२ मध्ये कायदा जरा सैलावला: औषध म्हणून गांजा सरकारी रुग्णालयात, समितीच्या परवानगीने, आणि नुसत्या सेवन करणाऱ्याला कोर्टाऐवजी एका मंडळापुढे, उपचाराकडे पाठवायची सोय.

उद्या कास्काव्हेलला आपल्या मराठी मंडळींकडे जेवायला आहे. तिथल्या आजोबांनी फोनवरच बजावलं, "करावर बोला, कर्जावर बोला, पेन्शनवर तर हवं तेवढं बोला. पण गांद्याचा विषय पानावर काढू नका, घरात नातवंडं आहेत."

वहिनीला नमस्कार.

तुझी,
शालू