राहिलेला पाळणा

थोरला पाचवीला होता तेव्हाची गोष्ट. शेजारच्यांच्या टीव्हीवर एस्सेलवर्ल्डची जाहिरात लागायची. मुंबईत गोराईला १९८९ साली ते सुरू झालेलं. लाँचमधनं खाडी ओलांडून जायचं, याचंच पोराला लई अप्रूप. "दादा, मला तिथं न्या," असा त्यानं धोशाच लावला.

त्या साली कांद्यानं मारलं होतं. पट्टी हातात आली, तर हमाली-तोलाई अन् गाडीभाडं जाऊन उरलं काहीच नाही. मी सांगून टाकलं, "बंद पडलंय ते."

पोरगं गप बसलं. पुन्हा कधी नाव काढलं नाही.

मागच्या दिवाळीत तोच आम्हाला खोपोलीजवळच्या इमॅजिकात घेऊन गेला. आमच्या लेखी पाळणा म्हणजे जत्रेतला, करकरणारा. इथं रुळावरनं माणसं उलटी होऊन चाललेली. आमची ही पिशवी पोटाशी धरून म्हणाली, "मी खालीच बरी."

नातवानं मला ओढून गोल फिरणाऱ्या घोड्यावर बसवलं. शेजारच्या घोड्यावर थोरला. फिरता फिरता माझ्या तोंडून निघून गेलं, "तवा ते बंद पडलं नव्हतं रं."

तो हसला. "माहीत होतं दादा. जाहिरात रोजच लागायची की. पण रात्री तुम्ही आईला पट्टी वाचून दाखवत होता, तेव्हा मी जागाच होतो."

घोडे थांबले. मला उतरायला सुचेना.

"आबा, अजून एक फेरी?" नातू म्हणाला.

"बस," म्हणालो.