उसने कुलचिन्ह

आपल्या कोकणात माणसाचे आडनाव म्हणजे पुष्कळदा त्याच्या गावाची पाटीच असते. सावर्ड्याचा तो सावर्डेकर, चिपळूणचा तो चिपळूणकर. गाव सोडून चार पिढ्या उलटल्या, सारा जन्म मुंबईच्या चाळीत गेला, तरी शेवटचा ‘कर’ काही सुटत नाही. असाच एक ‘कर’ मला सातासमुद्रांपलीकडे, आणि तोही एका मोटारीच्या कपाळावर भेटला, हे सांगितले तर वाचकांना थोडे नवल वाटेल.

कॅडिलॅक ही अमेरिकेतील श्रीमंतांची मोटार. १९०२ साली डेट्रॉइट शहरात ही कंपनी निघाली, आणि १७०१ साली ज्या फ्रेंच गृहस्थाने त्या शहराचा पाया घातला त्याचे नाव तिने घेतले. कॅडिलॅक हे मुळात फ्रान्समधील गावाचे नाव. तेव्हा हा गृहस्थ तिकडचा ‘कॅडिलॅककर’च म्हणावयाचा. गंमत पुढेच आहे. त्याचे खरे नाव होते आंत्वान लोमे. बाप कायद्याच्या पेशातला, सरदार नव्हे. अमेरिकेतील वसाहतीत आल्यावर त्याने सरदारकीचा थाट धरला, नाव बदलले आणि एक कुलचिन्हही जुळवून घेतले. त्या चिन्हाचा काही भाग त्याने आपल्या मुलखातील एका खऱ्या उमरावाकडून उचलला, असे इतिहासकार मानतात. हेच उसने चिन्ह पुढे जगातील एका अत्यंत मानाच्या मोटारीवर विराजमान झाले!

नाव उसने, चिन्ह उसने. मग कॅडिलॅकची ओळख म्हणून खरोखर जे काही होते ते आले कोठून? माझ्या मते ते मातीतून आले. १९२७ साली जनरल मोटर्स कंपनीने हार्ले अर्ल नावाच्या एका तरुणाला बोलावून मोटारींच्या रूपाचा स्वतंत्र विभाग त्याच्या स्वाधीन केला. तोपर्यंत मोटार ही यंत्रज्ञांनी जुळवावी, आणि ती दिसेल तशी दिसावी, असाच बहुधा प्रघात होता. अर्ल मोटारीचा आकार प्रथम मातीत घडवू लागला. पत्र्याच्या आधी माती आली, आणि मोटारीला चेहरा आला.

आमच्या सावर्ड्यास चित्रकला व शिल्पकला शिकविणारे एक महाविद्यालय आहे. तेथील एक विद्यार्थी अधूनमधून माझ्याकडे इंग्रजी पुस्तके समजावून घेण्यास येतो. त्याच्या वडिलांची गणपतीची शाळा आहे. मुलाने तीच पुढे चालवावी अशी त्यांची इच्छा. मुलाला मात्र मोटारींचे आकार करावयाचे आहेत. अर्लची हकीकत ऐकून तो मला म्हणाला, “सर, बाबांना वाटतं मी माती सोडून चाललो. पण मोटारसुद्धा आधी मातीचीच असते ना?” मी काही उत्तर देण्यापूर्वीच त्याने आणखी एक गोष्ट सांगितली. गणपतीचा मुकुट, शेला, आसन ही गिऱ्हाइकाच्या हौसेप्रमाणे दरवर्षी बदलतात. परंतु शंभर मूर्तींत आपल्या वडिलांची मूर्ती तो लांबूनही ओळखतो, ती डोळ्यांच्या आखणीवरून. ती आखणी वडील दुसऱ्या कोणाला करू देत नाहीत.

मोटारीच्या ओळखीचे सारे शास्त्र त्या मुलाने एका वाक्यात सांगितले असे मला वाटले. १९४८ साली कॅडिलॅकच्या मागील बाजूस दोन लहानसे पंख उगवले. लॉकहीड कंपनीच्या दोन शेपट्यांच्या लढाऊ विमानावरून अर्लला ती कल्पना सुचली होती. लोकांना ते आवडले. मग दुसऱ्या कंपन्यांनीही पंख लावले. जो तो दुसऱ्यापेक्षा उंच पंख करू लागला, आणि १९५९ च्या कॅडिलॅकवर तर ते इतके वाढले की आता ही मोटार उडणार की काय असा भास व्हावा. पाच-सहा वर्षांत ती हौस ओसरली व पंख गळून पडले. पंख हा मुकुट होता. टिकून राहिला तो एक साधा उभा दिवा. मधली काही वर्षे सोडली तर मागे उभे दिवे ठेवण्याची चाल या घराण्याने २००३ सालच्या सीटीएस गाडीत पाळली, आणि २०२० सालच्या सीटी-५ मध्येही पाळली. रात्रीच्या अंधारात पुढे चाललेली गाडी कोणाची, हे जाणत्याला तेवढ्यावरून कळावे. हीच त्यांची डोळ्यांची आखणी.

मुकुट बदलून माणसे कशी फसतात हे माझ्या चुलत्यांनी मला लहानपणीच सांगितले होते. तात्या कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात नोकरीस होते. वालचंद हिराचंद यांनी अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीशी करार करून तो कारखाना उभारला, आणि १९४७ साली त्यातून पहिली गाडी बाहेर पडली. १९५० नंतरच्या दशकात तेथे प्लिमथ सॅव्हॉय, डॉज किंग्जवे आणि डिसोटो डिप्लोमॅट अशा तीन नावांच्या भारदस्त गाड्या जुळविल्या जात. गणपतीला गावी आले की तात्या ओटीवर बसून सांगत, “अरे, सांगाडा तोच, इंजिन तेच. पुढची जाळी नि नाव बदललं, की प्लिमथची डॉज होते आणि डॉजची डिसोटो. गिऱ्हाईक मात्र तीन प्रकारचं!” आम्ही मुले हसत असू. घरोघर उपाध्याय तोच आणि आरतीही तीच, तरी ज्याला त्याला आपल्या घरचा गणपती निराळा वाटतोच, तसेच ते.

परंतु असली युक्ती मोठ्या घराण्याने केली तर ती अंगाशी येते. १९८१ साली शेव्हरोलेच्या एका स्वस्त, लहान गाडीवर ते सरदारी चिन्ह बसवून ‘सिमरॉन’ नावाची कॅडिलॅक विकावयास काढण्यात आली. आत कातडी बैठका होत्या, बाहेर चकाकी होती, किंमतही भारी होती. लोकांनी ती ओळखली, आणि १९८८ साली ती बंद पडली. त्याच सुमारास कॅडिलॅक, ब्यूक व ओल्ड्समोबिल या भावंडांचे चेहरे इतके सारखे झाले, की लिंकन या प्रतिस्पर्धी घराण्याने जाहिरातीत त्यांची थट्टा केली: हॉटेलाच्या दारात मालक गोंधळून उभे आहेत, आणि आपली गाडी कोणती हे कोणासच कळत नाही!

पण थट्टा करणाऱ्यांवरही वेळ आली. १९६१ साली लिंकन कॉन्टिनेन्टल जी निघाली ती पंखाविना, जवळजवळ दागिन्यांविना. सरळ रेषांचा एक शांत, लांब देह. ते मूळ रूप त्यांनी १९६९ पर्यंत सांभाळले. त्याच घराण्याने पुढे आपल्या गाड्यांची नावे टाकून एमकेझेड, एमकेएस अशी अक्षरे लावली. नावाच्या जागी अक्षरे आली की घरातल्या माणसालाही कोणती कोणती ते आठवत नाही. कॉन्टिनेन्टल हे नाव त्यांनी पुन्हा आणले, परंतु २०२० साली अमेरिकेतील आपल्या सेडान गाड्याच बंद केल्या. क्रायस्लरची ३०० ही गाडीही २०२३ साली गेली. लोकांना उंच गाड्या हव्या झाल्या. सावर्ड्याहून जाणाऱ्या मुंबई-गोवा रस्त्यावरही आता उंच गाड्यांचीच दाटी असते, आणि लांबून त्या सगळ्या एकाच आईच्या दिसतात.

आम्हां इंग्रजी शिकलेल्या माणसांना या कथेत आपले प्रतिबिंब दिसावे. आमच्याही कपाळी पुष्कळ उसनी चिन्हे आहेत. प्रस्तुत लेख ज्या घाटाचा आहे तो घाटसुद्धा मराठीने इंग्रजीकडून घेतला. पण घेतले यात कमीपणा तो काय? त्या तोतया सरदाराचे चिन्ह डेट्रॉइटच्या कारागिरांनी वर्षानुवर्षे मनापासून केलेल्या कामाने खरे करून दाखविले. आणि तेच, पुरते खरे झालेले चिन्ह, एका आळशी दशकात पुन्हा खोटे ठरले. उसने घेतलेले हातच्या कामाने आपले होते. वडिलोपार्जित असले तरी कामावाचून परके होते.

त्या मुलाचे वडील मध्यंतरी मला भेटले. “सर, तुम्हीच त्याला समजवा,” असे ते म्हणाले. मी एवढेच सांगितले, की त्याला पुण्यास जाऊ द्या; पण जाण्यापूर्वी यंदाच्या मूर्तींची डोळ्यांची आखणी त्याच्या हातून करवून घ्या. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग हातावरची वाळलेली माती चोळीत म्हणाले, “सगळ्या नाही. दहा देईन.”